'ट्विंकल' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ आणि वापर

रानजाई

नमस्कार. मी इंग्रजी बालकथा मराठीत आणते. सध्या हातात असलेल्या कथेत 'ट्विंकल' हे एकच क्रियापद तीन ठिकाणी आले आहे. आधी आजोबांच्या डोळ्यांबद्दल, मग ताऱ्यांबद्दल आणि शेवटी डोंगरापलीकडच्या गावातल्या दिव्यांबद्दल. तारे आणि दिवे 'लुकलुकतात' असे लिहिताना मनात काही शंका येत नाही. मात्र 'आजोबांचे डोळे लुकलुकले' असे लिहिले की एखाद्या बिळातून बाहेर पाहणाऱ्या प्राण्याचे बारीक डोळे नजरेसमोर येतात, आणि कथेतले आजोबा तर नातवाची गंमत करण्याच्या बेतात असलेले, प्रसन्न गृहस्थ आहेत.

शब्दकोश उघडले तर ट्विंकल, स्पार्कल, ग्लिटर, ग्लिसन, ग्लीम, शिमर या सगळ्यांपुढे चमकणे, चकाकणे, झळकणे, झगमगणे हेच चार शब्द आलटून पालटून दिलेले सापडतात. इंग्रजी बोलणारा माणूस यांतले एक क्रियापद निवडतो आणि बाकीची बाजूला ठेवतो, ते कशाच्या आधारावर? विशेषतः 'ट्विंकल'च्या अर्थाचा गाभा कोणता, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

शब्दसखा

रानजाई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या क्रियापदाच्या इतिहासात आहे. 'ट्विंकल' जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ धातू डोळे मिचकावण्याशी जोडलेला आहे. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ 'त्स्विंकर्न' आजही डोळा मिचकावण्याच्याच अर्थाने वापरला जातो. जर्मन माणूस ताऱ्यांसाठी तो शब्द वापरत नाही, तिथे त्याचा 'फुंकेल्न' हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत मात्र पापणी आणि तारा या दोघांना एकच क्रियापद मिळाले. पापणी मिटली की डोळा क्षणभर नाहीसा होतो आणि उघडली की पुन्हा दिसतो, ताऱ्याचा प्रकाशही तसाच आत्ता आहे आणि आत्ता नाही असा भासतो. म्हणून या शब्दाचा गाभा नुसती चमक हा नसून चमकेतला खंड हा आहे, असे माझे मत आहे. प्रकाश कितीही सुंदर असला, पण स्थिर असला, तर त्याला 'ट्विंकल' म्हणता येत नाही.

शब्दाच्या शेवटी असलेला 'ल' हा उच्चारही अर्थपूर्ण आहे. जुन्या इंग्रजीत क्रिया पुन्हा पुन्हा घडते हे दाखवण्यासाठी तो प्रत्यय लागत असे. 'स्पार्क' म्हणजे एक ठिणगी, तर 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्यांमागून ठिणग्या उडाव्यात तसे चमकत राहणे. 'क्रॅक' म्हणजे एकदा तडकणे आणि 'क्रॅकल' म्हणजे तडतडत राहणे. आपल्याकडे हेच काम शब्दाच्या द्विरुक्तीने होते. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण ज्यांना अभ्यस्त शब्द म्हणून शिकलो, त्यांत लुकलुक, चमचम, मिणमिण, झगमग, लखलख ही सगळी मंडळी येतात. प्रत्यय लावणे आणि शब्द दुहेरी करणे या रीती वेगळ्या आहेत, पण क्रिया थांबून थांबून पुन्हा घडते हे दोन्हींतून कळते. त्यामुळे ताऱ्यांसाठी 'लुकलुकणे' हा पर्याय केवळ रूढ म्हणून नव्हे, तर घडणीनेही अचूक आहे.

डोळे आणि तारे यांची सांगड इंग्रजी साहित्यात फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रजी कवीने कँटरबरी टेल्स या कथाकाव्याच्या प्रस्तावनेत एक भिक्षेकरी धर्मगुरू रंगवला आहे. हार्प वाजवून गाणे म्हणून झाले की त्या धर्मगुरूचे डोळे गोठवणाऱ्या थंडीच्या रात्रीतल्या ताऱ्यांसारखे ट्विंकल होतात, असे तिथे म्हटले आहे. हा माणूस गोडबोल्या, लबाड आणि मौजी आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही डोळ्यांच्या 'ट्विंकल'मध्ये खट्याळपणाची छटा होतीच.

आता याच शब्दाचा तिसरा अर्थ पाहा. 'ट्विंकलिंग' या नामाचा अर्थ अत्यंत थोडा काळ असा होतो. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, 'डोळ्याच्या ट्विंकलिंगमध्ये' आपण सर्व बदलून जाऊ अशा अर्थाचे वचन आहे. या ठिकाणी प्रचलित मराठी भाषांतराने 'निमिषात' हा शब्द योजला आहे, आणि मला ही निवड अतिशय आवडते, कारण 'निमिष' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही पापणी मिटणे हाच आहे. 'डोळ्याचे पाते लवते न लवते तोच' हे आपण बोलताना सहज म्हणतो, त्यातही कालमापन पापणीनेच झालेले आहे.

पैलतीर

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहत असल्याने रोजच्या बोलण्यातला वापर कसा असतो, तेवढे सांगतो. डोळ्यांपुरते बोलायचे तर इथे क्रियापदाची निवड पूर्णपणे भावनेवर ठरते, आणि चुकीचे क्रियापद पडले तर माणसाचा स्वभावच बदलून जातो. 'ट्विंकल' होणाऱ्या डोळ्यांत मिश्कीलपणा आणि माया दोन्ही असतात. बोलणारा काही तरी गंमत मनात ठेवून आहे, पण त्यात दंश नाही, हे त्यातून कळते. म्हणूनच हे क्रियापद आजी, आजोबा, जुने शिक्षक, नाताळचा सांताक्लॉज अशा वडीलधाऱ्यांच्या वर्णनात वारंवार येते. 'स्पार्कल' होणारे डोळे उत्साहाने आणि आनंदाने भरलेले असतात, त्यामुळे ते तरुण मुलीला किंवा वाढदिवसाच्या मुलाला अधिक शोभतात. 'ग्लिसन' म्हटले की डोळ्यांत पाणी आले आहे. 'ग्लीम' म्हटले की कसली तरी आस, बेत किंवा हाव जागी झाली आहे. 'ग्लिंट' ही धातूच्या धारेवरून निसटावी तशी क्षणभराची तिरीप आहे आणि ती बहुधा राग किंवा कपट सुचवते. 'ग्लिटर' होणारे डोळे थंड असतात, कधी तापाने फणफणलेलेही असतात.

आपल्या कथेतल्या आजोबांसाठी मी कोणतेही चमकण्याचे क्रियापद वापरणार नाही. 'आजोबांच्या डोळ्यांत मिश्कील भाव उमटला' किंवा 'आजोबा डोळ्यांतल्या डोळ्यांत हसले' हे मला जवळचे वाटते. मराठीत ही छटा क्रियापदातून येत नाही, विशेषणातून किंवा हसण्यातून येते. तिथे प्रकाशाचा हट्ट धरला तर आजोबा हरवतील.

आणखी दोन प्रयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एखाद्याच्या जन्मापूर्वीच्या काळाबद्दल बोलताना इथले लोक, तू तेव्हा तुझ्या वडिलांच्या डोळ्यांतला नुसता 'ट्विंकल' होतास, असे म्हणतात. इथे हा शब्द नाम आहे आणि सूचना थोडी शृंगारिक असली तरी घरात सर्वांसमोर बोलता येईल इतकी सौम्य आहे. दुसरा प्रयोग 'ट्विंकल-टोज' हा आहे. हलक्या पावलांनी चपळ नाचणाऱ्याला असे म्हणतात. पावलांत प्रकाश नसतोच, म्हणजे तिथे उरला तो केवळ झटपट दिसण्या-लपण्याचा खेळ. शब्दसखा यांनी खंड हाच गाभा असल्याचे सांगितले आहे, त्याला हा प्रयोग चांगला आधार देतो.

मृगनक्षत्र

भाषेचे जाणकार बोलत आहेतच. मी आकाशनिरीक्षणाच्या बाजूने लिहितो, कारण तारे खरोखर कशामुळे लुकलुकतात हे कळले की हे क्रियापद कुठे लावू नये हेही आपोआप कळते.

तारा स्वतः लुकलुकत नाही. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वातावरणातल्या कमी-अधिक तापमानाच्या हवेच्या पुंजक्यांतून जातो, प्रत्येक पुंजक्यात तो किंचित वळतो, आणि हवा सतत हलत असल्याने हे वळणेही क्षणोक्षणी बदलते. परिणामी डोळ्यात शिरणारा प्रकाश सेकंदात अनेक वेळा वाढतो आणि घटतो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये हे कारण ओळखले होते आणि दुर्बिणीसाठी उंच पर्वतांच्या माथ्यावरची निवांत हवा कदाचित उपयोगी पडेल असेही सुचवले होते. आपल्या देशात लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली वेधशाळा याच विचाराची पुढची पायरी आहे. अवकाशात गेलेल्याला तारे स्थिर दिसतात, कारण मध्ये हवाच नसते.

ग्रह मात्र सहसा लुकलुकत नाहीत. गुरूचे बिंब पृथ्वीवरून साधारण ३० ते ५० कोनीय सेकंदांचे दिसते (एक कोनीय सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). मृगातला तांबडा काक्षी हा आकाराने प्रचंड तारा असूनही अंतरामुळे त्याचे बिंब एका कोनीय सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाएवढेच भरते, म्हणजे गुरूपेक्षा शेकडो पटींनी लहान. काक्षी हा व्यवहारात बिंदूच असल्याने हवेच्या प्रत्येक हालचालीचा त्याच्यावर परिणाम होतो. गुरूच्या बिंबाच्या निरनिराळ्या भागांतून येणारा प्रकाश वेगवेगळा हलतो आणि सरासरीने स्थिर होऊन जातो. म्हणून कथेत शुक्र किंवा गुरू आला, तर 'लुकलुकणारा गुरू' असे लिहू नये. तो तेजाने झळकतो. अगदी क्षितिजालगत असताना ग्रहही थोडे थरथरतात, पण ते अपवाद म्हणून धरावे.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे शिकण्यासाठी दोन उत्तम तारे उपलब्ध आहेत. एक व्याध. हिवाळ्यात रात्री तो पूर्वेकडे उगवत असताना पाहावा. क्षितिजाजवळ प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, निरनिराळे रंग निरनिराळ्या वाटेने वळतात, आणि व्याध लाल, निळा, हिरवा अशा छटा फेकताना दिसतो. दुसरा अगस्त्य. तो इतका दक्षिणेकडे आहे की पुण्यातून पाहिले तर दक्षिण क्षितिजापासून सुमारे १९ अंशांच्या वर कधीच चढत नाही. त्या उंचीवर त्याचा प्रकाश, डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत, सुमारे तिप्पट हवेतून येतो. व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असूनही अगस्त्य आपल्याला कायम अस्वस्थ दिसतो तो यामुळे. चॉसरने गोठवणाऱ्या थंडीच्या रात्रीचा उल्लेख केला आहे, तोही निरीक्षण म्हणून खरा आहे. थंड हवेची लाट नुकतीच सरकून गेली की आकाश स्वच्छ होते, पण वरची हवा ढवळलेली असते, आणि अशा रात्री तारे जोराने लुकलुकतात.

शास्त्रीय लेखनात याच घटनेला 'सिंटिलेशन' म्हणतात. लॅटिनमधील 'सिंटिला' म्हणजे ठिणगी, आणि त्याच शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'टिन्सेल', म्हणजे चकाकी, हाही शब्द आला आहे. प्रकाशाप्रमाणे रेडिओ लहरीही थरथरतात. सूर्यापासून निघणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्यामुळे दूरच्या रेडिओस्रोतांची जी थरथर होते, ती अभ्यासण्यासाठी केंब्रिजला अँटनी ह्यूइश यांनी एक रेडिओ दुर्बीण उभारली होती. १९६७ साली तिच्या नोंदींत जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा तारा, सापडला. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या उटीच्या रेडिओ दुर्बिणीनेही ही थरथर दीर्घकाळ अभ्यासली आहे. मात्र रोजच्या इंग्रजीत 'सिंटिलेट' हे क्रियापद ताऱ्यांसाठी क्वचितच येते. तिथे ते हुशार, रंगतदार संभाषणासाठी राखून ठेवलेले आहे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. अगस्त्याबद्दल वाचून फार आनंद झाला. पैलतीर यांनी सुचवलेले 'डोळ्यांतल्या डोळ्यांत हसले' मला पटले आहे आणि मी ते स्वीकारत आहे. आता 'ग्लिटर', 'ग्लिसन', 'ग्लीम' यांच्याबद्दल विचारते. सगळ्यांची सुरुवात एकाच उच्चाराने होते, हा योगायोग आहे का?

शब्दसखा

पूर्णपणे योगायोग नाही. 'ग्ल' या उच्चाराने सुरू होणारे आणि प्रकाशाशी किंवा दृष्टीशी नाते असलेले शब्द इंग्रजीत मोठ्या संख्येने आहेत: ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिटर, ग्लिसन, ग्लेअर, ग्लॉस, ग्लान्स. अशा अर्थसूचक ध्वनिगटाला जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली 'फोनस्थीम' हे नाव दिले. यांतले काही शब्द एकाच प्राचीन धातूपासून आलेले मानले जातात. त्या धातूचा अर्थ चमकणे, आणि पिवळा किंवा हिरवा रंग असणे, असा लावतात. इंग्रजीतले 'गोल्ड' आणि 'यलो' त्याच कुळातले, आणि आपल्याकडचे 'हिरण्य' आणि 'हरित' हेही त्याच कुळातले. काही शब्द नंतर स्कँडिनेव्हियन भाषांतून आले आणि या गटात सामावून गेले.

अर्थाच्या दृष्टीने 'ग्लिटर' आणि 'ग्लिसन' यांत फरक असा की, 'ग्लिटर'साठी पृष्ठभागाला अनेक कोन लागतात आणि 'ग्लिसन'साठी ओल लागते. हिरे, खडी, जरी, टिकल्या, गोठलेला बर्फ हे ग्लिटर होतात. दव पडलेले गवत, घामाने थबथबलेले कपाळ, तेल लावलेले केस, पावसात भिजलेला डांबरी रस्ता हे ग्लिसन होतात. वस्तू ओली किंवा स्निग्ध नसेल तर 'ग्लिसन' सहसा लिहीत नाहीत. पूर्वी इंग्रजीत 'ग्लिस्टर' असे आणखी एक रूप प्रचारात होते. चकाकते ते सगळे सोने नसते, ही म्हण शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये 'ग्लिस्टर' या रूपाने आली आहे, आणि आज लोक ती 'ग्लिटर' घालून म्हणतात. 'ग्लीम' मात्र शांत आणि सलग असते. घासून पुसून ठेवलेली पितळेची समई ग्लीम करते.

'ट्विंकल' या कुळातले नाही, आणि ते वेगळे पडते ते अर्थानेही. 'ग्ल' गटातल्या बहुतेक शब्दांत प्रकाश बाहेरून येऊन एखाद्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. 'ट्विंकल'मध्ये मात्र लहानसा प्रकाशबिंदू बहुधा स्वतःच प्रकाशमान असतो आणि तो दूर असतो.

काजळरेघ

चर्चा अतिशय उपयुक्त आहे, परंतु एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. इंग्रजीची क्रियापदे काटेकोर आणि मराठीची मोघम, असा समज अशा चर्चेतून नकळत होतो. शब्दकोशांनी ती मोघम करून ठेवली आहेत, बोलणाऱ्यांनी नव्हे. देवापुढचा दिवा तेवतो. तेल संपत आलेली चिमणी मिणमिणते. वीज लखलखते, तलवार तळपते, आणि भर दुपारचा सूर्यही तळपतो. नवे भांडे चकचकते, लग्नाचा मांडव झगमगतो, आणि तारा किंवा काजवा लुकलुकतो. यांची अदलाबदल केली तर कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला ते खटकेल. 'समई लखलखते' असे म्हणता येईल, पण मग आपण ज्योतीबद्दल न बोलता घासलेल्या पितळेबद्दल बोलत आहोत असा अर्थ होतो. 'तेवणे' या क्रियापदात स्थिरता, सौम्यता आणि थोडे पावित्र्य एकत्र आहे, आणि त्याला इंग्रजीत एका शब्दाचा जोडीदार मला अजून मिळालेला नाही.

शिवाय 'लुकलुकणे' फक्त ताऱ्यांपुरते समजू नये. तान्हे मूल अंथरुणात पडून टुकुटुकु पाहत असते, तेव्हा त्याचे डोळे लुकलुकतात असे आमच्या घरी सर्रास म्हणतात, आणि त्यात भीतीचा लवलेशही नसतो. म्हणून पैलतीर यांची सूचना मान्य करूनही, 'लुकलुकणे' डोळ्यांसाठी सर्वत्र वर्ज्य मानू नये असे मला वाटते. आजोबांना ते शोभत नाही याचे कारण हा शब्द डोळ्यांच्या बाबतीत लहान आणि निरागस जिवाला चिकटलेला आहे. इंग्रजी 'ट्विंकल' नेमका उलट, वृद्ध आणि अनुभवी माणसाला चिकटला आहे. आकाशात हे दोन शब्द एकमेकांवर अगदी बरोबर बसतात आणि चेहऱ्यावर आले की वेगळे होतात.

काजव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. डोक्याला जोराचा मार बसला की इंग्रजी माणसाला तारे दिसतात आणि मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत चमकताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उपमा आपल्या लोकांना का सुचली असेल हे सांगावे लागणार नाही. भाषांतर करताना इथे तारे ठेवू नयेत.

पैलतीर

काजळरेघ, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. तान्ह्या मुलाचे उदाहरण माझ्या लक्षात आले नव्हते. 'तेवणे'साठी मी 'ग्लो' सुचवले असते, पण 'ग्लो' निखाऱ्यालाही चालते आणि लाजलेल्या गालांनाही, त्यामुळे देवघराचा भाव त्यातून येत नाही.

रानजाई

एक शेवटची शंका. कथेच्या अखेरच्या परिच्छेदात एक विमान रात्रीच्या आकाशातून जाते आणि त्याचे दिवे दिसतात. मूळ लेखिकेने तिथे 'ट्विंकल' टाळून 'ब्लिंक' वापरले आहे. ते का, आणि मी तिथे 'लुकलुकणे' लिहिले तर चालेल का?

मृगनक्षत्र

मूळ लेखिकेची निवड अचूक आहे. ताऱ्याचे लुकलुकणे अनियमित असते, पुढचा झोत केव्हा वाढेल हे सांगता येत नाही, कारण ते हवेच्या मर्जीवर आहे. विमानाच्या पंखांवरचे दिवे यंत्राने ठरवलेल्या समान अंतराने लागतात आणि विझतात. अशा नियमित दिव्यांना 'ब्लिंक' किंवा 'फ्लॅश' म्हणतात. दीपगृहाचा झोत 'फ्लॅश' होतो, मोटारीचा वळणदिवा 'ब्लिंक' होतो. रात्रीच्या आकाशात तारा आणि विमान यांतला फरक नवख्या निरीक्षकाला आम्ही याच कसोटीवर ओळखायला शिकवतो: ठेक्यात असेल तर ते विमान. मराठीत यासाठी 'उघडझाप' हा चांगला शब्द आहे. 'विमानाच्या दिव्यांची उघडझाप होत होती' असे लिहावे. डोंगरापलीकडच्या गावातले दिवे मात्र बेलाशक लुकलुकू द्यावेत. दूरवरून, दिवसभर तापलेल्या जमिनीवरच्या हलत्या हवेतून, त्यांचा प्रकाश ताऱ्यांच्याच नियमाने थरथरत येतो.